सामाईक मनुष्यबळाच्या नेमणुकांना मंजुरी: कोणाची, कशाला आणि किती दिवसांत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातील आपल्या सल्लागार कंपनीत ५ प्रकल्प व्यवस्थापक आणि ३ विभागप्रमुख आहेत. विद्युत अभियंते, संरचना अभियंते आणि सर्वेक्षक मिळून २४ जण सगळ्या प्रकल्पांना सामाईक आहेत. प्रकल्प व्यवस्थापक परस्पर नेमणुका करतात आणि विभागप्रमुखांना ते मागाहून कळते, म्हणून आपण मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट ऑनलाइन या नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये या २४ जणांसाठी मंजुरी बंधनकारक केली. महिन्याभरात प्रलंबित विनंत्यांचा ढीग साचला, कामे मात्र पूर्वीसारखीच फोनवर ठरत राहिली, आणि भरीस भर म्हणजे अभियंत्यांनी भरलेले तास भलत्याच माणसाकडे मंजुरीला जाऊ लागले. आता मंजुरीची साखळी आणखी कडक करावी की ती काढूनच टाकावी, असे आपण विचारले आहे.

माझ्या मते यांपैकी काहीही करू नये. मी गेली १७ वर्षे नियोजनाचे काम करते आहे आणि आपण सांगितलेली स्थिती मी स्वतः दोन ठिकाणी अनुभवली आहे. दोन्ही ठिकाणी दोष कडकपणाचा किंवा सैलपणाचा नव्हता. ‘मंजुरी’ या एकाच शब्दाखाली तीन वेगळे निर्णय कोंबले गेले होते आणि तिन्ही एकाच माणसाच्या टेबलावर जाऊन पडत होते. पहिला निर्णय असा की, अमुक माणसाचा किती वेळ, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, या प्रकल्पाला द्यायचा. दुसरा असा की, मिळालेल्या त्या वेळात त्याने नेमके कोणते काम करायचे. तिसरा असा की, त्याने आठवड्याअखेर भरलेले तास आणि सांगितलेली प्रगती बरोबर आहे की नाही. पहिला निर्णय विभागप्रमुखाचा आहे. दुसरा पूर्णपणे प्रकल्प व्यवस्थापकाचा आहे आणि त्यात विभागप्रमुखाने पडू नये. तिसरा बहुतेक ठिकाणी दोघांत विभागलेला असतो. आपल्याकडे प्रत्येक लहान कामाच्या नेमणुकीसाठी स्वतंत्र विनंती जात असावी, असे ढिगाच्या आकारावरून वाटते. तसे असेल तर पहिला आणि दुसरा निर्णय एकत्र झाले आहेत, आणि ढीग साचण्याचे कारण तेच आहे.

पुढचे सगळे काही बाबींवर अवलंबून आहे, हे आधी सांगायला हवे. अभियंत्याची रजा कोण मंजूर करतो आणि त्याचे वार्षिक मूल्यमापन कोण लिहितो, हा पहिला प्रश्न. ते काम विभागप्रमुख करत असेल तर वेळेची मंजुरीही त्याच्याकडेच हवी. पण काही कंपन्यांत विभागप्रमुख फक्त तांत्रिक सल्ला देतो आणि माणसे प्रत्यक्षात प्रकल्पांच्या हाताखाली असतात, तिथे हे अधिकार संचालकांपैकी एकाकडे द्यावे लागतात. दुसरे म्हणजे प्रकल्पांचा कालावधी. दोन-दोन आठवड्यांची कामे असतील तर औपचारिक विनंती, तपासणी आणि उत्तर यांतच निम्मा वेळ जातो. आणि सामाईक माणसे सात-आठच असती, तर मी आपल्याला सॉफ्टवेअरमधील मंजुरी बंद करून सोमवारी सकाळी फळ्यासमोर अर्धा तास उभे राहायला सांगितले असते. २४ जण आणि ५ प्रकल्प व्यवस्थापक हे गणित मात्र कोणाच्या डोक्यात मावणारे नाही, त्यामुळे आपल्याला ही व्यवस्था लागणारच.

आता पहिल्या निर्णयाविषयी सविस्तर लिहिते, कारण बाकी सगळे त्यावर उभे आहे. प्रोजेक्ट सर्व्हरच्या (म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या याच प्रणालीच्या) २०१६ च्या आवृत्तीपासून आणि प्रोजेक्ट ऑनलाइनमध्ये ‘रिसोर्स एंगेजमेंट’ नावाची सोय आहे. पूर्वीच्या ‘रिसोर्स प्लॅन’च्या जागी ती आली. एंगेजमेंट म्हणजे एका माणसाच्या वेळेची, ठरावीक कालावधीसाठी, टक्क्यांत किंवा तासांत केलेली मागणी. तिच्यात कामांची यादी नसते. प्रकल्प व्यवस्थापक मागणी पाठवतो तेव्हा ती ‘प्रपोज्ड’ (प्रस्तावित) असते. विभागप्रमुख ती स्वीकारून ‘कमिटेड’ (मंजूर) करतो किंवा शेरा लिहून नाकारतो. मागितलेल्या तारखा व टक्के आणि मंजूर झालेल्या तारखा व टक्के यांची नोंद वेगवेगळी राहते, त्यामुळे ५० टक्के मागितले आणि ३० टक्के मिळाले हे नंतर कोणालाही पाहता येते. या नोंदीचे मोल वाद झाल्यावर कळते. विभागप्रमुखाचा निर्णय झाल्यावर प्रकल्प व्यवस्थापकाला आपल्या संगणकावरील प्लॅनमध्ये ‘रिफ्रेश’ करावे लागते, हेही सर्वांना सांगून ठेवा. नाहीतर मंजुरी मिळूनही ती दिसत नाही आणि पुन्हा फोन सुरू होतात.

माझा नियम असा आहे: एका माणसासाठी, एका प्रकल्पात, एका टप्प्याला एकच मागणी. संकल्पनात्मक आराखड्याच्या टप्प्याला एक, निविदेच्या नकाशांना एक, प्रत्यक्ष बांधकामाच्या काळातील शंकानिरसनाला एक. सहा आठवड्यांसाठी ४० टक्के मंजूर झाले की त्या ४० टक्क्यांत प्रकल्प व्यवस्थापकाने आज केबलची गणिते करून घ्यावीत की उद्या प्रकाशयोजनेचा नकाशा, हे त्याचे त्याने ठरवावे. हा नियम लागू केल्यावर मी पाहिलेल्या एका ठिकाणी आठवड्याला येणाऱ्या विनंत्या एका पानावर मावू लागल्या आणि विभागप्रमुख त्या खरोखर वाचू लागले. त्याआधी ते सगळ्या एकदम निवडून स्वीकारत असत, म्हणजे मंजुरी तोंडदेखली होती.

या तोंडदेखल्या मंजुरीचे काय होते, ते एका उदाहरणावरून सांगते. मी तेव्हा ज्या कंपनीत होते तिथे एक तरुण विद्युत अभियंता तीन प्रकल्पांवर होता. एकाने त्याचा ५० टक्के वेळ मागितला, दुसऱ्याने ४० आणि तिसऱ्याने ३०. ४० तासांच्या आठवड्यात हे अनुक्रमे २०, १६ आणि १२ तास झाले, म्हणजे ४८ तास. आणि विभागाच्या बैठका, नवख्यांना शिकवणे, किरकोळ चौकशा यांना ४ तास गेले की त्याच्याकडे खरे तर ३६ तासच उरत होते. विभागप्रमुखांना आकडे समोर दिसत होते, पण तिन्ही प्रकल्प व्यवस्थापक ज्येष्ठ होते आणि कोणालाच दुखवायचे नव्हते, म्हणून तिन्ही मागण्या मंजूर झाल्या. पुढचे दोन महिने तो मुलगा रोज सकाळी तीन फोन घेत असे आणि ज्याचा आवाज सर्वांत चढा त्याचे काम आधी करत असे. एका रुग्णालयाच्या इमारतीचे पॅनेलचे नकाशे त्याने रात्री घरी बसून पूर्ण केले आणि त्यांत जनरेटरची क्षमता चुकीच्या तक्त्यावरून घेतली गेली. चूक बांधकामाआधी सापडली, हे नशीब. पण ज्या दिवशी ती सापडली त्या दिवशी बैठकीत उभा राहून उत्तर देणारा तोच होता. १२ तास जास्तीचे मंजूर करणारे कोणीही बोलले नाही.

म्हणून मी मंजुरीकडे असे पाहते: नकार द्यायची वेळ येणारच आहे, तर तो नकार ज्याला तो देण्याचा अधिकार आहे त्याने, वेळेआधी आणि लेखी द्यावा. विभागप्रमुखाने नाही म्हटले नाही, तर ते नाही म्हणण्याचे काम हाताखालच्या सर्वांत लहान माणसाच्या गळ्यात पडते. आपण नवी व्यवस्था समजावून सांगाल तेव्हा विभागप्रमुखांना हे स्पष्ट सांगा. त्यांच्यापुढे तीनच वाटा असाव्यात: मागणी कमी करून मंजूर करणे, तारीख पुढे सरकवून मंजूर करणे, किंवा कारण लिहून नाकारणे. बेरीज ९० टक्क्यांच्या वर नेणारी मंजुरी संचालकांना कळवल्याशिवाय द्यायची नाही, अशी अट घालता आली तर उत्तम. ९० का, तर वर सांगितलेल्या ४ तासांसाठी. आपल्या विभागप्रमुखांवर निविदा तयार करण्याचे कामही असेल तर त्या विभागातल्या माणसांसाठी हा आकडा ८० ठेवा.

उत्तर किती दिवसांत द्यायचे, हे ठरवल्याशिवाय ढीग कमी होणार नाही. मी कामकाजाचे २ दिवस धरते. २ दिवसांत उत्तर नाही आले तर मागणी आपोआप मंजूर समजावी, असा नियम काही जण करतात. मला तो मान्य नाही, कारण मग गप्प बसणे हाच मंजुरीचा सोपा मार्ग होतो आणि आपण पुन्हा त्या तरुण अभियंत्याच्या फोनपाशी येऊन थांबतो. त्याऐवजी अनुत्तरित मागणी गुरुवारी दुपारच्या अर्ध्या तासाच्या बैठकीत यावी, जिथे तिन्ही विभागप्रमुख आणि पाचही प्रकल्प व्यवस्थापक एकत्र असतील आणि पडद्यावर पुढच्या सहा आठवड्यांचा भार उघडलेला असेल. दोन प्रकल्पांची ओढाताण समोरासमोर पाच मिनिटांत सुटते. तीच सॉफ्टवेअरमधल्या शेऱ्यांतून आठवडाभर चिघळते. विभागप्रमुख रजेवर जाताना त्याने त्या तारखांसाठी ‘डेलिगेट’, म्हणजे आपल्या वतीने मंजुरी देणारा माणूस, नेमलाच पाहिजे, ही सोय प्रणालीत आहे आणि फारच थोडे लोक वापरतात.

मंजुरी मिळेपर्यंत प्लॅन मोकळा ठेवायचा का, असा प्रश्न प्रकल्प व्यवस्थापक हमखास विचारतात. ठेवू नये. तोवर कामांवर ‘विद्युत अभियंता’ असा जेनेरिक रिसोर्स, म्हणजे माणसाऐवजी नुसते पदनाम, लावावा, म्हणजे तारखा आणि तास निघतात पण कोणा जिवंत माणसावर भार पडत नाही. मंजुरी आली की त्याजागी खऱ्या माणसाचे नाव घालायचे. ही शिस्त लागली नाही तर लोक एक वेगळीच पळवाट काढतात आणि ती आपण आजच तपासून पाहावी, असे मी सुचवेन. एका प्लॅनमध्ये मला एकाच सर्वेक्षकाचे नाव दोनदा दिसले. एकदा आधी नाव मग आडनाव, आणि एकदा आधी आडनाव. दुसरे नाव त्या प्लॅनपुरते तयार केलेला लोकल रिसोर्स होता. लोकल रिसोर्सला मंजुरी लागत नाही, आणि त्याच्यावर टाकलेला भार दुसऱ्या कोणत्याही प्रकल्पाला दिसत नाही. त्या सर्वेक्षकाचे तीन आठवडे अशा रीतीने कोणालाही न दिसता गेले होते. प्रत्येक प्लॅनच्या रिसोर्स शीटमध्ये लोकल नावे शोधा. कंपनीबाहेरचा ठेकेदार सोडला तर तिथे कोणीही नसावे.

अतिभारित माणसापुढे प्रोजेक्ट दाखवतो त्या लाल खुणेचीही थोडी समजूत करून घ्यावी लागते. एका माणसाला एकाच सकाळी एक-एक तासाची दोन कामे पूर्ण वेळेच्या हिशेबाने लावली, तर दिवसभरात त्याच्याकडे दोनच तासांचे काम असूनही प्रोजेक्ट त्याला अतिभारित दाखवतो, कारण त्या एका तासात बेरीज २०० टक्के होते. सामाईक माणसांच्या बाबतीत हे सतत घडते आणि काही दिवसांनी लोक लाल रंगाकडे पाहणेच सोडून देतात. लेव्हलिंगच्या, म्हणजे अतिभार शोधून कामे पुढे-मागे सरकवण्याच्या, पर्यायांत अतिभाराचा हिशेब मुळात दिवसाच्या पायावर असतो. तो आठवड्याच्या पायावर करता येतो आणि आपल्यासारख्या कामाला तोच योग्य आहे. विभागप्रमुखाने दिवसाचा भार कधीच पाहू नये. आठवडा पाहावा.

आता एक बाब, जी लहान दिसते पण टक्क्यांचे सगळे गणित बिघडवते. प्रोजेक्टमधील ‘स्टँडर्ड’ कॅलेंडर सोमवार ते शुक्रवार, ८ ते १२ आणि १ ते ५ असे असते आणि त्यात एकही सुटी नसते. सुट्या आपणच भरायच्या असतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबत असताना नागपुरात कोण किती काम करतो, हे आपल्याला मी सांगायला नको. दसऱ्याच्या सुमारास माझे काही सहकारी दीक्षाभूमीवर सेवेला असतात आणि त्यांच्या रजा आधीपासून ठरलेल्या असतात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की सर्वेक्षक पहाटे निघून अकराच्या आत परततात, म्हणजे त्यांच्या दिवसात प्रत्यक्ष जागेवरचे ५ तासच असतात. त्यांच्यासाठी उन्हाळ्याचे वेगळे कॅलेंडर करा. डिसेंबरचे हिवाळी अधिवेशन हा तर स्वतंत्र विषय आहे. सरकारी खात्यांची कामे आपल्याकडे असतील, तर त्या काळात अधिकारी विधिमंडळातील प्रश्नांची उत्तरे तयार करण्यात गुंतलेले असतात, नकाशांच्या मान्यता अडकतात, आपली माणसे मंजूर वेळ असूनही बसून राहतात आणि जानेवारीत सगळे एकदम अंगावर येते. हे दरवर्षी होते, म्हणून मी अशा प्रकल्पांच्या डिसेंबरमधील मागण्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच अर्ध्यावर आणायला सांगते आणि तो वेळ खासगी कामांना देते.

आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग, म्हणजे तास भलत्याच माणसाकडे जाणे. याचे कारण बहुधा ‘स्टेटस मॅनेजर’, म्हणजे कामाची प्रगती ज्याच्याकडे मंजुरीला जाते तो माणूस, हे आहे. एखाद्या कामाची नेमणूक जो पहिल्यांदा पब्लिश करतो, म्हणजे प्रणालीत सर्वांसाठी खुली करतो, तो त्या कामाचा स्टेटस मॅनेजर होतो, आणि नंतर दुसऱ्या कोणी प्लॅन पब्लिश केला तरी ते नाव बदलत नाही. सुरुवातीला आपल्या नियोजन कक्षातील कोणी सगळे प्लॅन तयार करून पब्लिश केले असतील, तर सर्वांची प्रगती आजही त्याच्याकडेच जात असेल. प्रत्येक प्रकल्प व्यवस्थापकाने स्वतः आपला प्लॅन डेस्कटॉपवर उघडावा, कामांच्या तक्त्यात ‘स्टेटस मॅनेजर’ हा स्तंभ आणावा, पहिल्या ओळीत आपले नाव निवडून ते खालपर्यंत भरावे आणि पब्लिश करावे. हे त्याच्या लॉगिननेच करावे लागते. त्याच्या वतीने आपण केलेत तर यादीत त्याचे नाव सापडणार नाही. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नावावर कामे राहिली असतील तर तीही अशीच सोडवता येतात.

टाइमशीटची, म्हणजे आठवड्याच्या तासांच्या तक्त्याची, मंजुरी मात्र वेगळ्या वाटेने जाते. ती माणसाच्या नोंदीत लिहिलेल्या ‘टाइमशीट मॅनेजर’कडे जाते आणि तिथे विभागप्रमुखाचे नाव असणे योग्य, कारण माणूस हजर होता का आणि आठवडा पूर्ण भरला का, हे त्याने पाहायचे असते. कामाची प्रगती प्रकल्प व्यवस्थापकाने पाहायची. एकच तास दोघांनी तपासण्याचा हा खटाटोप वाटेल, पण दोघे दोन वेगळ्या गोष्टी तपासत आहेत. मंजूर वेळेच्या मर्यादेत असलेल्या प्रगतीच्या नोंदी रोज हाताने स्वीकारण्याची गरज नाही. काही महिने सुरळीत गेल्यावर विश्वासातल्या मंडळींसाठी आपोआप स्वीकारण्याचे नियम लावता येतात. सुरुवातीला लावू नका.

एक गोष्ट कामाला लागण्याआधी ध्यानात घ्या. मायक्रोसॉफ्टने प्रोजेक्ट ऑनलाइन ३० सप्टेंबर २०२६ रोजी बंद करण्याचे जाहीर केले आहे. त्यामुळे आपण आता प्रणालीच्या रचनेत फार मोठे बदल करण्यात पैसे घालू नयेत; कोण कशाला मंजुरी देतो, किती दिवसांत देतो आणि वाद कुठे सुटतो हे दोन पानांच्या कागदावर लिहून संचालकांची सही घ्यावी. पुढे आपण प्रोजेक्ट सर्व्हरच्या सबस्क्रिप्शन आवृत्तीकडे जाल किंवा अन्य कोणत्या सॉफ्टवेअरकडे, हा कागद तसाच बरोबर नेता येईल. नवे सॉफ्टवेअर दाखवायला येणाऱ्यांना पहिला प्रश्न हाच विचारा की, माणसाच्या वेळेची मागणी आणि कामाची नेमणूक यांत ते फरक करते का, आणि मागितलेला व मंजूर झालेला आकडा वेगळा दाखवते का.

साचलेल्या ढिगाचे काय करायचे, ते शेवटी सांगते. एकेक विनंती तपासत बसू नका. एक शुक्रवार ठरवा आणि त्या दिवशी सगळ्या प्रलंबित विनंत्या ‘नव्या पद्धतीने पाठवावी’ असा शेरा लिहून नाकारा. आदल्या आठवड्यात हे सर्वांना लेखी कळवलेले असावे, नाहीतर गैरसमज होतील. पुढच्या सोमवारपर्यंत प्रत्येक प्रकल्प व्यवस्थापकाने पुढच्या सहा आठवड्यांसाठी, प्रत्येक माणसामागे एक, अशा नव्या मागण्या पाठवाव्यात. चालू असलेली कामे त्या दरम्यान थांबवायची नाहीत. पहिल्या गुरुवारच्या बैठकीला अर्धा तास पुरणार नाही, दोन तास काढून ठेवा, आणि ज्या चार-पाच माणसांची बेरीज १०० च्या वर जाईल त्यांना स्वतःला बैठकीत बोलवा, म्हणजे त्यांच्या हातात आज खरोखर काय आहे ते त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळेल.